हाउसिंग लीक होतेय, उत्तर २४ तासांत हवे: टीममध्ये कोण घ्यायचे, कोण नाही?

फिक्स्चर_फेम (धागाकर्ता)

चाकण-भोसरी, वाळूज, सातपूर-अंबड, शिरोली. वाहनांचे सुटे भाग करणाऱ्या कुठल्याही लहान-मध्यम कारखान्यात हा फोन कधीतरी येतोच: "तुमचा माल आमच्या लाइनवर लीक होतोय." तिथून पुढे घड्याळ कस्टमरचे. तात्पुरत्या बंदोबस्ताचे लेखी उत्तर बऱ्याच ठिकाणी २४ तासांत मागतात, मूळ कारणाला आठवडा-दोन आठवडे देतात. नेमकी मुदत तुमच्या पुरवठा करारात किंवा कस्टमरच्या क्वालिटी मॅन्युअलमध्ये असते. ती आधी काढून बघावी, तोंडी आकड्यावर जाऊ नये.

८डी, म्हणजे तक्रार सोडवण्याची आठ पायऱ्यांची पद्धत, सगळ्यांना पाठ आहे. फोर्डने १९८७ मध्ये ही पद्धत पुस्तिकेच्या रूपात आणली, तेव्हापासून टीम पहिल्या पायरीवर आहे. प्रत्यक्षात डी-१ चा (टीमच्या नावांचा) रकाना सगळ्यात शेवटी भरला जातो आणि त्यात सहा विभागप्रमुखांची नावे असतात. त्यातल्या चौघांनी तो पीस हातातही घेतलेला नसतो.

म्हणून चर्चा एका नमुन्यावर करू. उदाहरण काल्पनिक, पण रोजच्यातले:

पंपाचे हाउसिंग (बाहेरचे कवच), एडीसी-१२ हा अ‍ॅल्युमिनियमचा मिश्रधातू, प्रेशर डाय कास्टिंग, म्हणजे वितळलेला धातू दाबाने साच्यात (डायमध्ये) भरून केलेले. डायला दोन कॅव्हिटी, म्हणजे एका वेळी दोन पीस. पुढे व्हीएमसीवर (संगणकावर चालणारे कटिंग मशीन) मशीनिंग, मग वॉशिंग, मग २ बारवर हवेची लीक टेस्ट, मग डिस्पॅच. कस्टमरने ३०० पीस लावले, ७ लीक. आपल्या लीक टेस्टरच्या नोंदीत सातही पीस पास. रस्त्यात, गोदामात, कस्टमरच्या स्टोअरमध्ये मिळून ४,२०० पीस पडलेत.

पहिल्या तासात कोणाला बोलवायचे? बाहेरचा तज्ज्ञ कधी? टीमच्या हातात अधिकार कोणते? आणि टीम विसर्जित कधी करायची?

डी३_आधी

पहिली गोष्ट, टीम एक नाही, दोन लागतात.

माल अडवणारी टीम वेगळी, कारण शोधणारी वेगळी. एकाच चार जणांवर दोन्ही टाकले की दुपारपर्यंत सगळे कस्टमरच्या गेटवर सॉर्टिंग करत असतात आणि कारणाकडे कोणी बघत नाही. उलटही होते: सगळे फळ्यासमोर माशाचे काटे (कारणांची आकृती) काढत बसतात आणि संध्याकाळची गाडी जुना माल घेऊन निघून जाते.

अडवणाऱ्या टीममध्ये तीन माणसे आपल्याकडे: डिस्पॅच, स्टोअर आणि एक अनुभवी इन्स्पेक्टर. चौथा कस्टमरच्या लाइनवर, प्रत्यक्ष उभा. यांचे पहिले काम मोजणी. माल कुठे कुठे असतो याची यादी आधीपासून छापून ठेवा, ऐनवेळी निम्म्या जागा आठवत नाहीत: तयार माल, मशीनिंगमधला अर्धवट माल, रिवर्कचा रॅक, बाहेर जॉबवर्कला गेलेला, ट्रान्सपोर्टच्या गोदामातला, कस्टमरचे स्टोअर, लाइनच्या कडेचे ट्रे, बसवून झालेल्या असेंब्ल्या, आणि स्पेअर पार्ट म्हणून वेगळ्या पॅकिंगमध्ये गेलेले पीस. शेवटचे हमखास विसरतात आणि तीन महिन्यांनी ते डीलरकडून परत येतात.

दुसरे, ४,२०० पीस पुन्हा तपासायचे कशावर? याच लीक टेस्टरने ते सात पीस पास केलेत. त्याच टेस्टरवर पुन्हा तपासून "१०० टक्के सॉर्टिंग केले" असे लिहून पाठवणे म्हणजे कस्टमरला दुसऱ्यांदा फसवणे. मशीनवर संशय असेपर्यंत पाण्यातली बबल टेस्ट करा. तोंडे बंद करायची, २ बार हवा, पीस पूर्ण बुडवायचा, ३० सेकंद नजर. लावणे-काढणे धरून एका टाकीवर तासाला ५० पीस धरा. दोन टाक्यांना ४,२०० पिसांसाठी ४२ तास लागतात. चार टाक्या लावल्या तर २१ तास. २४ तासांचे उत्तर द्यायचे असेल तर चार टाक्यांची, दोन्ही पाळ्यांची माणसे पहिल्या तासातच ठरवावी लागतात. बुडबुडे बघणारा दर तासाला बदला, डोळे दगा देतात. आणि टाकीतून निघालेला पीस ओल्या अवस्थेत पॅक करू नका, नाहीतर गळतीची तक्रार मिटेल आणि डागांची सुरू होईल.

क्रम: आधी कस्टमरच्या लाइनजवळचा माल, मग त्याचे स्टोअर, मग रस्त्यातला, शेवटी आपला. आपला माल कुठे पळून जात नाही.

तपासलेल्या पिसावर रंगाचा ठिपका. जागा कस्टमरशी ठरवून, सीलिंग फेसवर कधीच नाही. बॉक्सवरही लेबल. पहिल्या स्वच्छ बॉक्सचा चलन नंबर लिहून कळवा, त्याच्या आधीचे सगळे संशयित.

गळतीमापक

वरच्या प्रतिसादाला पूर्ण अनुमोदन. पुढचा मुद्दा टीमच्या रचनेचाच आहे: या नमुन्यात सर्वांत आधी कास्टिंगवाला नको, लीक टेस्ट समजणारा हवा. कारण प्रश्न दोन आहेत. पीस लीक का झाला, आणि लीक असून पास कसा झाला? दुसऱ्याचे उत्तर मिळेपर्यंत तुम्ही पाठवलेल्या एकाही पिसाची खात्री नाही.

प्रेशर डिके, म्हणजे हवा भरून दाब किती घटतो ते बघणारी टेस्ट, तिचे गणित साधे आहे. गळती = आतले घनफळ × दाबातली घट ÷ (वातावरणाचा दाब × वेळ). ५०० सीसी घनफळ, १० सेकंदांत ५० पास्कल घट ही मर्यादा धरली तर गळती येते साधारण १.५ सीसी प्रति मिनिट.

आता तापमान बघा. २ बार गेज म्हणजे निरपेक्ष ३ बार, ३,००,००० पास्कल. खोलीतली हवा ३०० केल्विन. आतल्या हवेचे तापमान फक्त ०.१ अंशाने बदलले तर दाब १०० पास्कलने हलतो. म्हणजे तुमच्या मर्यादेच्या दुप्पट! वॉशिंग मशीनमधून ५५-६० अंशांचा पीस निघाला आणि न थांबता टेस्टरवर चढवला, की पिसाच्या उष्णतेने आतली हवा तापते, दाब वाढू बघतो आणि गळतीने होणारी घट झाकली जाते. लीक पीस हिरवा दिवा घेऊन पुढे जातो.

दुसरा चोर पाणी. कास्टिंगच्या सूक्ष्म छिद्रात वॉशिंगचे पाणी अडकले तर ते बुचाचे काम करते. टेस्ट पास. प्रवासात आणि गोदामात पाणी सुकते, कस्टमरकडे छिद्र उघडे.

तिसरा फिक्स्चर. सील नेमके छिद्राच्या तोंडावर बसत असेल तर टेस्टरला ते छिद्र कधी दिसणारच नाही.

तासाभरात होणारा प्रयोग: लीक असल्याचे नक्की माहीत असलेला एक पीस घ्या. २५, ३५ आणि ४५ अंशांवर टेस्ट करा, प्रत्येकी पाच वेळा. आकडे लिहा. मग तोच पीस ओला करून पुन्हा. या वीस आकड्यांतून जे कळते ते दोन तासांच्या मीटिंगमधून कळत नाही.

हे करायला बाहेरून कोणी आणायची गरज बहुधा नसते. टेस्टर पुरवणाऱ्या कंपनीचा सर्व्हिस इंजिनिअर चालतो, पण त्याला "मशीन चेक कर" म्हणून बोलवू नका. तो कॅलिब्रेटेड लीक मास्टर (ठरावीक गळतीचा नमुना) लावेल, मशीन बरोबर आहे असा शिक्का मारेल आणि जाईल. मशीन बरोबर असतेच. चूक पीस, पाणी आणि वेळ यांत असते.

रात्रपाळी

वाचनखूण साठवली. तापमानाचे गणित पहिल्यांदाच असे मांडलेले बघितले.

अ‍ॅल्युमिनियम_आण्णा

कास्टिंगवाल्याला दुसऱ्या रांगेत बसवले, हरकत नाही. पण एक विनंती. कस्टमरकडून परत आलेले सात पीस टीमच्या हवाली होईपर्यंत कोणीही धुवू नयेत, कोणीही कापू नयेत. उत्साहाच्या भरात टूलरूममधला कोणीतरी बँडसॉवर चढवतो आणि पुरावा भुशात जातो.

क्रम असा ठेवा: फोटो, पिसावरचा कॅव्हिटी नंबर आणि तारखेचा पंच, आहे त्या अवस्थेत लीक टेस्ट. मग १०० अंशांच्या आसपास भट्टीत सुकवून, थंड करून पुन्हा टेस्ट. बबल टेस्टने गळतीच्या जागेवर मार्करने खूण. शक्य असेल तर एक्स-रे. आणि नंतरच कापणे. सातपैकी दोन पीस न कापता ठेवा, कस्टमर शेवटी मागतोच.

कॅव्हिटी नंबरकडे आधी बघा असे का म्हणतो? दोन्ही कॅव्हिटींचा दोष सारखा असता, तर सातही पीस ठरावीक एकाच कॅव्हिटीचे निघण्याची शक्यता १२८ मध्ये १. सातही 'दोन नंबर'चे निघाले तर धातू, भट्टी, मशीन हे दोघींना सामाईक असलेले संशयित मागे पडतात. त्या कॅव्हिटीपुरत्या गोष्टी पुढे येतात: तिचा व्हेंट (हवा बाहेर जायची वाट), तिची कोअर पिन (पिसात भोक ठेवणारी), तिची पाण्याची लाइन, तिचा रनर (धातू आत येण्याची वाट).

कापल्यावर छिद्राचा आकार बघा. गोल, गुळगुळीत भिंतीचे म्हणजे वायू: स्लीव्हमध्ये (धातू ढकलणाऱ्या नळीत) अडकलेली हवा, जास्त मारलेला डाय स्प्रे, चोंदलेले व्हेंट, पहिल्या टप्प्याचा वेग चुकलेला. वेडेवाकडे, कातरलेल्या कडांचे आणि जाड भागात म्हणजे आकुंचन: इंटेन्सिफिकेशनचा (साचा भरल्यावर दिलेला) दाब कमी, बिस्किट (नळीत उरलेला धातूचा गोळा) पातळ झाल्याने दाब पोचलाच नाही, किंवा कोअर पिनचे पाणी बंद पडून तिथे गरम ठिकाण तयार झाले. दोन्हींची औषधे वेगळी आहेत, काही वेळा उलटी. डायचा गरम भाग थंड करायला जास्त स्प्रे मारला की आकुंचन थोडे कमी होईल आणि वायूची छिद्रे वाढतील.

आणि मशीनिंग. डाय कास्टिंगची वरची कातडी दाट असते, साधारण अर्धा ते एक मिलिमीटर. कोणी डेटम (मोजमापाचा आधार) बदलला, एका बाजूने जास्त कट गेला, की आतली छिद्रे उघडी पडतात. कास्टिंग जसे होते तसेच आहे आणि गळती मात्र नवीन, असे होते ते यामुळे. म्हणून कारण शोधणाऱ्या टीममध्ये व्हीएमसीचा सेटर हवा. प्रोग्रामर नव्हे, सेटर. ऑफसेट (कटची जागा ठरवणारा आकडा) कधी आणि का बदलला हे त्याला माहीत असते.

फिक्स्चर_फेम

आण्णा, मस्त. मग कारण शोधणाऱ्या टीमची यादी अशी होते का?

डाय कास्टिंगचा प्रोसेसवाला, डाय मेंटेनन्सचा फिटर, व्हीएमसी सेटर, लीक टेस्ट चालवणारा आणि एक जण जो आकडे लिहील व सगळ्यांना एका धाग्यात ठेवील. पाच झाले. क्यूए (गुणवत्ता) प्रमुख यात नाही. बरोबर?

रेखा_क्यूए

बरोबर. क्यूए प्रमुखाने कस्टमरचा फोन घ्यावा, तेवढे काम पुरेसे आहे. :)

एक भर घालते. "लीक टेस्ट चालवणारा" म्हणताना दिवसपाळीचा चुणचुणीत मुलगा निवडला जातो. ज्या पाळीत ते पीस पास झाले, त्या पाळीचा ऑपरेटर हवा. तारखेचा पंच आहे, टेस्टरची नोंद आहे, पाळी कळते. तो रात्रपाळीचा असेल तर त्याला दिवसा बोलवायचे, त्या तासांचा ओव्हरटाइम द्यायचा आणि त्या दिवशीची रात्रपाळी माफ करायची. दोन्ही करवून घेतले तर तो बोलणार नाही, बोलला तरी झोपेत बोलेल.

त्याला विचारायचे कसे, हेही ठरवून घ्या. "तू काय चुकवलेस?" असे विचारले की उत्तर ठरलेले: "नेहमीसारखेच केले." त्यापेक्षा मशीनसमोर उभे राहून "एक पीस कसा करतोस ते दाखव" म्हणा. टेस्टर लाल दाखवतो तेव्हा काय करतो, ते बघा. बऱ्याच ठिकाणी लाल आला की पीस दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा लावतात आणि एकदा हिरवा आला की पुढे. प्रत्येक वेळी सील नीट बसले नसेल अशी त्याची प्रामाणिक समजूत असते, आणि अर्ध्या वेळा ती खरीही असते! टेस्टरच्या मेमरीत एकाच मिनिटात लागोपाठ लाल-लाल-हिरवा असा क्रम शोधा. सापडला तर निसटण्याचे एक कारण तिथेच मिळाले. सुपरवायझर त्या वेळी शेजारी नसावा.

गेज आर अँड आर (मापाच्या साधनातली तफावत मोजणे) नावापुरते करू नका. १० पीस, ३ ऑपरेटर, ३ वेळा. पीस मर्यादेच्या आसपासचे निवडा, सगळे ठणठणीत घेतले तर आकड्याला अर्थ नाही. तफावत १० टक्क्यांखाली चांगली, १० ते ३० दरम्यान परिस्थिती बघून, ३० च्या वर असेल तर त्या टेस्टरच्या भरवशावर काहीही पाठवू नये.

सदाशिव_संशयी

सगळे ठीक. पण बाहेरचा तज्ज्ञ? मालक पहिल्या तासात तोच फोन लावतो. आणि सल्लागार साहेब आले की आपली पाच माणसे वहीत टिपणे घेत उभी.

डी३_आधी

सदाशिवराव, म्हणूनच पहिले आठ-दहा तास बाहेरचा कोणी नको. सात पिसांच्या नोंदी, कॅव्हिटी आणि छिद्राचा आकार हातात आला की कुठल्या विषयाचा माणूस हवा हे समजते. त्याआधी बोलावलेला माणूस त्याच्या विषयाचे कारण शोधून देतो. मेटलर्जीवाल्याला धातूत सापडते, डायवाल्याला डायमध्ये.

त्याला पाठवायचे पान एकच, पण भरलेले:

काय बिघडले, कुठे, किती (३०० मध्ये ७, कॅव्हिटी, तारखा). काय बिघडलेले नाही (दुसरी कॅव्हिटी, आधीचा लॉट, त्याच मशीनवरचे दुसरे पार्ट). शेवटच्या चार आठवड्यांत काय काय बदलले. आत्तापर्यंत काय तपासले, आकड्यांसकट. आणि शेवटी एकच प्रश्न, जसे की "या कोअर पिनजवळ आकुंचन का वाढले?" "आमची गळती थांबवा" हा प्रश्न नाही.

"काय बदलले" या यादीत लोक फक्त मंजूर बदल लिहितात. न लिहिलेले बदल शोधा: डाय स्प्रेचे पाण्यातले प्रमाण, प्लंजर टिप नवीन बसवली का, भट्टीत रिटर्न माल किती टाकला, वॉशिंगचे केमिकल कोणत्या ड्रमचे, लोडशेडिंगमुळे भट्टी किती वेळ बंद होती, कुठला ऑपरेटर सुटीवर होता.

तपासणीसाठी लॅब लागली तर एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी संस्था) मान्यतेची व्याप्ती बघून घ्या. लॅब मान्य असली म्हणजे तुमची विशिष्ट चाचणी मान्य असते असे नाही. पुण्यात एआरएआय, सीओईपी, संभाजीनगरला इंडो-जर्मन टूल रूम हे पर्याय माहीतच असतील. रांग असते, म्हणून नमुना दुपारच्या आत पोचवा आणि रिपोर्टाच्या आधी फोनवर आकडे मागा.

खर्चाचे_बोला

आता अवघड भाग. टीमला अधिकार.

आयएटीएफ १६९४९ या वाहन उद्योगाच्या गुणवत्ता मानकात ५.३.२ कलम स्पष्ट आहे: मालाच्या गुणवत्तेची जबाबदारी ज्यांच्यावर आहे त्यांना उत्पादन आणि डिस्पॅच थांबवण्याचा अधिकार हवा. ऑडिटच्या दिवशी हे फळ्यावर असते. बाकी दिवशी प्लांट हेडला विचारल्याशिवाय कोणी बटण दाबत नाही. टीम बनवताना अर्ध्या पानाचे पत्र काढा, मालकाच्या सहीचे: टीमप्रमुख अमुक, तो मशीन थांबवू शकतो, डाय उतरवू शकतो, अमुक रकमेपर्यंत खर्च पर्चेस ऑर्डरशिवाय करू शकतो आणि या पाच जणांना इतक्या दिवसांसाठी नेहमीच्या कामातून सोडले आहे.

रक्कम किती? लॅब, एक्स-रे, टॅक्सी, चार टाक्या, सॉर्टिंगची माणसे यांचा अंदाज काढून त्यात १८ टक्के जीएसटी धरा आणि वर थोडे. ही रक्कम कमी ठेवली तर दर वेळी सहीसाठी कोणाच्या तरी केबिनबाहेर अर्धा तास जातो. तिकडे कस्टमरची लाइन थांबली की डेबिट नोट मिनिटांच्या हिशेबाने येते, हे मालकाला सांगितले की सही लवकर होते.

बाहेरच्या सल्लागाराशी दिवसाच्या दरावर ठरवा, "कारण सापडल्यावर" या अटीवर कधीच नाही. त्या अटीवर कारण नक्की सापडते, बरोबर असेलच असे नाही. गोपनीयतेचा करार ड्रॉइंग पाठवण्याआधी, कारण ड्रॉइंग बहुधा कस्टमरची मालमत्ता असते.

थर्ड पार्टी सॉर्टिंगची माणसे कस्टमरच्या आवारात पाठवायची असतील तर ईएसआय-पीएफचे कागद, सेफ्टी शूज, ओळखपत्रे आणि गेटवरचे प्रशिक्षण हे सगळे लागते. कागद नसले तर सकाळी सहाला गेलेली माणसे अकरापर्यंत गेटबाहेर चहा पीत बसतात.

गळतीमापक

+१. शेवटच्या परिच्छेदाला +१००.

ध्रुवतारा

थोडे अवांतर, पण विषयाला धरून. एप्रिल १९७० मध्ये अपोलो १३ चा ऑक्सिजन टँक फुटला तेव्हा फ्लाइट डायरेक्टर जीन क्रांझने आपली व्हाइट टीम कन्सोलच्या पाळ्यांमधून बाहेर काढली आणि परतीचा प्रश्न सोडवायला बसवली. यान सांभाळणे बाकीच्या टीमनी चालू ठेवले. वीज किती उरली आणि ती कशी पुरवायची याचा हिशेब जॉन अ‍ॅरन या एका माणसाच्या हातात दिला. बाकी सगळ्यांना त्याच्याकडे वीज मागावी लागत होती.

वर 'डी३_आधी' यांनी दोन टीम म्हटले ते हेच. आणि दुर्मीळ साधन एकाच माणसाच्या ताब्यात. आपल्या नमुन्यात ते साधन म्हणजे डाय कास्टिंग मशीनचा वेळ. ट्रायल कोणाची आधी घ्यायची हे एकानेच ठरवावे.

शिरोली_एमआयडीसी

इथे सगळे शे-दीडशे माणसांच्या कारखान्याचे बोलताहेत. आमच्याकडच्या पट्ट्यात २५ माणसांचे युनिट असते. डायचा फिटर, प्रोसेसवाला आणि मालक हा एकच माणूस. मग दोन टीम कुठून आणायच्या?

अ‍ॅल्युमिनियम_आण्णा

शेजाऱ्याकडून आणि पुरवठादारांकडून. डाय बनवणारा टूलमेकर, इनगॉट पुरवणारा, वॉशिंग केमिकलवाला, डाय स्प्रेवाला, जॉबवर्कला मशीनिंग करणारा. या सगळ्यांचा तुमच्या कारखान्यात पैसा अडकलेला आहे, फोन केला तर येतात. अट एकच: प्रत्येकाला वेगवेगळ्या वेळी बोलवा. एकत्र बोलावले तर प्रत्येक जण दुसऱ्याच्या मालाकडे बोट दाखवतो. त्यांच्याकडून मत घेऊ नका, माप घ्या. स्प्रेवाल्याने मिश्रणाचे प्रमाण रिफ्रॅक्टोमीटरवर मोजून द्यावे, टूलमेकरने कोअर पिनच्या पाण्याचा प्रवाह बादली आणि घड्याळ लावून मोजावा. लिटर प्रति मिनिट, दोन्ही कॅव्हिटींचा वेगळा.

सॉर्टिंग मात्र स्वतः करू नका, त्याला बाहेरची माणसे घ्या. २५ माणसांच्या युनिटमधली चार माणसे बबल टेस्टला बसली तर उत्पादनच बंद पडते.

फिक्स्चर_फेम

शिरोलीकरांच्या मुद्द्यावर एक मोठे उदाहरण आहे. १ फेब्रुवारी १९९७ ला जपानमध्ये कारिया इथल्या आइसिन सेकीच्या कारखान्याला आग लागली. टोयोटाच्या ब्रेकमध्ये लागणारा पी-व्हॉल्व्ह जवळपास पूर्णपणे तिथेच व्हायचा आणि टोयोटाकडे साठा काही तासांचा. लाइन बंद. आइसिनने ड्रॉइंग वाटली आणि कित्येक पुरवठादारांनी, ज्यांनी हा व्हॉल्व्ह आधी कधी केला नव्हता त्यांनीही, आपापल्या मशीनवर तो करायला घेतला. काही दिवसांत पुरवठा सुरू झाला. मोठ्या कंपनीलाही ऐनवेळी टीम बाहेरूनच जोडावी लागली.

सदाशिव_संशयी

टोयोटाच्या एका फोनवर सगळे धावतात हो. शिरोलीतल्या फोनवर आधी "मागचे बिल कधी देताय?" हे विचारतात.

शिरोली_एमआयडीसी

=)) खरे आहे.

आकडेमोड

कारण सापडल्यावर ते सिद्ध कसे करायचे यावर कोणी लिहिले नाही, आणि घाईतल्या टीम इथेच घसरतात.

समजा कोअर पिनची पाण्याची लाइन चोंदली होती, साफ केली. आता ३० पीस काढले, एकही लीक नाही. टाळ्या. थांबा. मूळ दोष ३०० मध्ये ७, म्हणजे २.३३ टक्के. काहीच दुरुस्त केले नसते तरी सलग ३० पीस चांगले निघण्याची शक्यता ४९ टक्के आहे. छापा-काटा! ९५ टक्के खात्री हवी तर सलग १२७ पीस शून्य लीक हवेत. आणि फक्त कॅव्हिटी दोनचा दोष असेल, तर ३०० मध्ये तिचे निम्मे म्हणजे १५० धरा. दर ४.६७ टक्के, आणि त्याच कॅव्हिटीचे ६३ पीस पुरतात. म्हणून कॅव्हिटीनुसार वेगळे मोजा, काम निम्म्यावर येते.

दुसरी अट त्याहून महत्त्वाची. दोष पुन्हा उठवून दाखवा. त्या पिनचे पाणी मुद्दाम बंद करा, पीस काढा, गळती परत यायला हवी. चालू केल्यावर जायला हवी. बंद-चालू दोन वेळा. हे पीस लाल ट्रेमध्ये, मोजून, ट्रायल संपली की वितळवून टाकायचे. एखादा चुकून डिस्पॅचमध्ये गेला तर सगळा खेळ पुन्हा.

तपासणी पूर्ण सुकलेल्या आणि खोलीच्या तापमानाला आलेल्या पिसांवर. नाहीतर 'गळतीमापक' यांनी वर लिहिलेले भूत इथेही येईल आणि दुरुस्ती झाली असे वाटेल.

रेखा_क्यूए

आणि दोन्ही कारणे सिद्ध करा. पीस लीक का झाला याचे एक, टेस्टरने का सोडला याचे दुसरे. ८डीमध्ये दोन्हीसाठी वेगळी 'का-का' साखळी लागते. "ऑपरेटरला पुन्हा प्रशिक्षण दिले" हे उत्तर कस्टमर आता घेत नाही, आणि योग्यच करतो. लाल आल्यावर दुसऱ्यांदा टेस्ट सुरूच होऊ नये असे इंटरलॉक, लाल पीस टाकायला कुलूपबंद पेटी आणि ती उघडली नाही तर पुढची सायकल नाही, ही खरी दुरुस्ती.

मीटिंगबद्दल: पाळी बदलताना दहा मिनिटे, मशीनपाशी, उभ्याने. फळ्यावर तीनच रकाने: काय तपासले, आकडा काय आला, पुढे काय आणि कोण. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप असू द्या, पण निर्णय तिथे नको, आणि त्यात मालकाचे तीन भाऊ, मेहुणे नकोत. फोटो टाकताना पिसाचा नंबर फोटोत दिसला पाहिजे, नाहीतर दोन दिवसांनी तो कुठला पीस होता हे कोणालाच सांगता येत नाही.

खर्चाचे_बोला

विसर्जनाचे राहिले. सुधारित मालाचे तीन लॉट कस्टमरकडे शून्य लीकने लागेपर्यंत अडवणारी टीम ठेवा, १०० टक्के बबल टेस्ट तोवर चालू. कारण शोधणारी टीम पीएफएमईए (प्रक्रियेत काय बिघडू शकते याची यादी) आणि कंट्रोल प्लॅनमध्ये (तपासणीचा आराखडा) बदल होऊन सह्या झाल्या की सोडा. यात एक काम बाकी राहते ते म्हणजे त्याच प्रकारच्या दुसऱ्या डाय. कोअर पिनचे पाणी एका डायमध्ये चोंदले तर त्याच कूलिंग टॉवरच्या पाण्यावरच्या बाकीच्या डायमध्ये काय असेल? पाण्याचा टीडीएस (विरघळलेले क्षार) मोजा, जास्त असेल तर लाइनमध्ये खडूसारखा थर दिसेल.

रात्रपाळी

दोन बारीक शंका. बबल टेस्टमध्ये लीक सापडलेले पीस इम्प्रेग्नेशन (छिद्रे रेझिनने बुजवणे) करून पाठवता येतात का? आणि सुकवायला भट्टी नसेल तर?

अ‍ॅल्युमिनियम_आण्णा

इम्प्रेग्नेशन कस्टमरच्या लेखी मंजुरीशिवाय नाही. ड्रॉइंगवर मुभा असेल तर ठीक, नसेल तर तो रिवर्क धरला जातो आणि त्याला आयएटीएफमध्ये वेगळी मंजुरी व नोंद लागते. प्रक्रिया निर्वात टाकीत रेझिन भरून आणि ९० अंशांच्या आसपास गरम पाण्यात पक्के करून होते. ते सूक्ष्म छिद्रांसाठी आहे. डोळ्यांना दिसणारे भोक त्याने भरू नका. आणि मशीनिंगनंतरच करा, आधी केले तर पुढचा कट नवीन छिद्र उघडतो.

गळतीमापक

भट्टी नसेल तर कोरडी दाबाची हवा आतून-बाहेरून मारा, मग पीस पंख्याखाली रात्रभर ठेवा. कॉम्प्रेसरच्या लाइनला ड्रायर आहे ना ते बघा, नाहीतर हवेबरोबर पाणीच भराल. घाई असेल तर भोसरीत पावडर कोटिंगवाल्याचे ओव्हन तासाभरासाठी भाड्याने मिळते. फक्त त्याला तापमान १०० च्या वर नेऊ नको असे सांगा, त्याच्या सवयीचा आकडा १८०-२०० असतो.